आद्याक्षरांची वही

मार्च १९९१ मध्ये दिल्ली पोलिसांनी हिजबुल मुजाहिदीनच्या एका हस्तकाला पकडले. काश्मीर खोरे तेव्हा पेटलेले होते आणि या संघटनेला पैसा कुठून मिळतो, याचा छडा लावायचा होता. त्याच्या जबानीतून समजले ते असे की, परदेशात जमा झालेली रक्कम बँकेची पायरीही न चढता दिल्लीत रोख हातात पडते, आणि ती पोचवणारे लोक काश्मीरशी काडीचाही संबंध नसलेले हवालावाले असतात. प्रकरण केंद्रीय अन्वेषण विभागाकडे, म्हणजे सीबीआयकडे गेले. एका हवालावाल्याकडून दुसऱ्याचे नाव निघत गेले आणि ३ मे १९९१ रोजी छापे पडले. त्यातला एक छापा दक्षिण दिल्लीतल्या साकेत भागात, जैन बंधूंचा हिशेब लिहिणाऱ्या गृहस्थाच्या घरी पडला.

तिथे रोकड आणि परकीय चलन सापडले. शिवाय दोन डायऱ्या, दोन लहान वह्या आणि दोन फायली मिळाल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात या सहा वस्तूंचे वर्णन आहे. कुणाकडून किती आले आणि कुणाला किती गेले, हे त्यांत आकडे आणि आद्याक्षरांत लिहिले होते. नोंदी साधारण १९८८ ते १९९१ या काळातल्या होत्या. आद्याक्षरे उलगडू लागली तशी शंभरावर माणसांची यादी तयार झाली. केंद्रातले आजी-माजी मंत्री, विरोधी पक्षांचे नेते, बडे सनदी अधिकारी, सगळेच तिच्यात होते. एकूण रक्कम ६५ कोटींच्या घरात जात होती. अतिरेक्यांच्या पैशाचा माग काढत निघालेले अधिकारी थेट संसदेच्या दारात येऊन उभे राहिले होते.

सुरेंद्रकुमार जैन आणि त्यांचे भाऊ हे भिलाईचे उद्योजक. भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होते. सीबीआयचे म्हणणे असे की, केंद्र सरकारच्या वीज क्षेत्रातली मोठी कंत्राटे ठरावीक कंपन्यांच्या पदरात पडावीत म्हणून हे बंधू मध्यस्थी करत, त्याचे पैसे परदेशातून हवाल्याने येत आणि त्यांतला वाटा राजकारण्यांना आणि अधिकाऱ्यांना पोचवला जाई. हे म्हणणे पुढे न्यायालयात कसे आणि किती टिकले, ते ओघाने येईलच. पण १९९१ साली ते कुणाला अशक्य वाटले नसते.

याचे कारण त्या काळच्या निवडणूक खर्चाच्या गणितात आहे. इंदिरा गांधींच्या सरकारने १९६९ साली कंपन्यांनी राजकीय पक्षांना देणग्या देण्यावर बंदी घातली. बड्या भांडवलदारांचा पैसा राजकारणातून हटवावा, हा तिचा घोषित हेतू. मात्र पक्षांना पैसा पुरवण्याचा दुसरा मार्ग कुणी काढला नाही, आणि निवडणुकीचा खर्च काही बंदीला विचारून वाढत नव्हता. धनादेशाने येणारा पैसा ब्रीफकेसने येऊ लागला. १९८५ मध्ये ही बंदी सैल झाली. संचालक मंडळाच्या मंजुरीने, नफ्याच्या ठरावीक हिश्श्यापर्यंत देणगी देण्याची मुभा मिळाली. पण सोळा वर्षांत दोन्ही बाजूंना अंधाराची सवय झाली होती, आणि ज्याला कंत्राट हवे आहे तो आपले नाव ताळेबंदात कशाला छापून घेईल? परकीय चलनावरची सरकारी पकड तेव्हा घट्ट होती, त्यामुळे हवाल्याची बाजारपेठ आधीपासूनच तेजीत होती. परदेशात मजूर म्हणून गेलेल्याची घरी पाठवलेली कमाई, सोन्याच्या तस्करीचा मोबदला, कंत्राटातली दलाली आणि बंदुकांसाठीचा पैसा या सगळ्यांना वाट एकच होती.

छाप्यानंतर अठराव्या दिवशी, २१ मे १९९१ला, श्रीपेरुम्बुदुरला राजीव गांधींची हत्या झाली. निवडणुकीचा उरलेला भाग पुढे ढकलला गेला आणि जूनमध्ये पी. व्ही. नरसिंह राव पंतप्रधान झाले. परकीय गंगाजळी आटली होती, सोने गहाण पडत होते, रुपयाचे अवमूल्यन झाले. अशा घाईत साकेतच्या डायऱ्या कुणाला आठवल्या नसतील, असे समजून थोडे दिवस माफ करता येतील. पण पुढची जवळजवळ चार वर्षे? अतिरेक्यांना पैसा पुरवल्याच्या बाजूचा खटला पुढे सरकला. डायरीतल्या नावांना मात्र कुणी साधा प्रश्नही विचारला नाही. मुद्देमालाच्या पावत्या झाल्या, लाखेची मोहोर लागली आणि वह्या कपाटात गेल्या. या संपूर्ण प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा काळ कोणता असे मला विचारले, तर मी जानेवारी १९९६च्या राजीनामासत्राकडे बोट दाखवणार नाही. काहीच न घडलेली ही वर्षेच मला निर्णायक वाटतात. साक्षीदार ताजे असतात, बँकेची आणि प्रवासाची कागदपत्रे जागेवर असतात, पैसे नेऊन देणारा माणूस अजून घाबरलेला असतो, तो काळ हातचा गेला.

१९९३चे वर्ष उजाडले ते स्फोटांनी. १२ मार्चला मुंबईत बॉम्बस्फोटांची मालिका झाली, आणि स्फोटके किनाऱ्यावर उतरवणाऱ्या टोळ्यांना सरकारी यंत्रणेतून आणि राजकारणातून कुणाचे पाठबळ होते, हा प्रश्न उघड विचारला जाऊ लागला. जुलैमध्ये केंद्राने तेव्हाचे गृहसचिव एन. एन. व्होरा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. गुन्हेगार, राजकारणी आणि नोकरशहा यांच्या साट्यालोट्यावरचा तिचा अहवाल पुढे दोन वर्षांनी संसदेत मांडला गेला, तोही नावांवाचून. त्याआधी जूनमध्ये मुंबईतच शेअरदलाल हर्षद मेहताने पत्रकार परिषद घेऊन आपण पंतप्रधान रावांना सुटकेसमधून एक कोटी रुपये दिल्याचा दावा केला होता. रावांनी तो फेटाळला आणि तो कधी सिद्धही झाला नाही. पण सुटकेसमध्ये एक कोटीच्या नोटा मावतात का, यावर घरोघरी गणिते झाली. जुलैअखेर रावांचे अल्पमतातले सरकार अविश्वास ठरावातून थोडक्यात वाचले, आणि त्या मतांचा भाव काय होता, याचा खटला पुढे वेगळाच चालला.

अशा हवेत डायरीची बातमी बाहेर आली. हिंदी दैनिक ‘जनसत्ता’त रामबहादूर राय यांनी या प्रकरणाला वाचा फोडली. पत्रकार विनीत नारायण ‘कालचक्र’ नावाचे हिंदी वृत्त-नियतकालिक व्हिडिओ कॅसेटवर काढत. खासगी वृत्तवाहिन्या अजून यायच्या होत्या. दूरदर्शन जे दाखवणार नाही ते पाहायचे तर अशा कॅसेटी भाड्याने आणाव्या लागत. नारायण यांनी हा विषय नुसता दाखवून सोडला नाही. ऑक्टोबर १९९३ मध्ये ते पत्रकार राजिंदर पुरी आणि वकील कामिनी जयस्वाल व प्रशांत भूषण यांच्यासह सर्वोच्च न्यायालयात गेले. अमुक पुढाऱ्याला शिक्षा करा, अशी त्यांची मागणी नव्हती. अतिरेक्यांना आणि राजकारण्यांना पैसा एकाच मार्गाने मिळाल्याचे कागद सीबीआयच्या हाती आहेत, आणि त्यांत बड्यांची नावे असल्यामुळेच तपास थांबला आहे, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

न्यायमूर्ती जे. एस. वर्मा, पूर्वी मुंबई उच्च न्यायालयात असलेले एस. पी. भरुचा आणि एस. सी. सेन यांच्या पीठापुढे मोठाच पेच होता. तपास करा असा आदेश देऊन याचिका निकाली काढली, तर सीबीआय ‘करतो’ म्हणेल आणि पुन्हा झोपेल. तपास स्वतःच करायला न्यायालय म्हणजे पोलीस ठाणे नव्हे. पीठाने मधला रस्ता काढला. याचिका निकाली न काढता प्रलंबित ठेवायची, ठरावीक दिवसांनी सीबीआयला प्रगतीचा अहवाल घेऊन बोलवायचे, अहवाल तोकडा असेल तर पुढची तारीख द्यायची. अनिल दिवाण न्यायालयाचे मित्र म्हणून मदतीला होते. एका याचिकेत असे एकामागून एक आदेश देत राहण्याच्या या पद्धतीला पुढे कायद्याच्या पुस्तकांत स्वतंत्र जागा मिळाली. आज एखादे उच्च न्यायालय तपासावर देखरेख ठेवते तेव्हा त्याची मुळे या सुनावण्यांत असतात.

तपास हलला. ४ मार्च १९९५ रोजी, म्हणजे वह्या सापडल्यानंतर तीन वर्षे दहा महिन्यांनी, भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा आणि परकीय चलन कायद्याखाली जैन बंधू, काही लोकसेवक आणि इतरांविरुद्ध गुन्हा नोंदला गेला. आणि १६ जानेवारी १९९६ला आरोपपत्रांची पहिली खेप न्यायालयात पोचली.

दिल्लीने असा दिवस क्वचित पाहिला असेल. विद्याचरण शुक्ल, बलराम जाखड आणि माधवराव शिंदे या रावांच्या तीन मंत्र्यांना मंत्रिपदे सोडावी लागली. भाजपचे अध्यक्ष लालकृष्ण अडवाणी यांच्यावर ६० लाख रुपये घेतल्याचा आरोप होता. त्यांनी लोकसभेचा राजीनामा दिला आणि निर्दोष ठरेपर्यंत निवडणूक लढवणार नाही असे जाहीर केले. दोनच महिने आधी मुंबईत भाजपचे महाअधिवेशन भरले होते आणि पक्ष जिंकला तर पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी होतील, असे खुद्द अडवाणींनीच तिथल्या व्यासपीठावरून सांगितले होते. देवीलाल, यशवंत सिन्हा, आरिफ मोहम्मद खान अशी पक्षोपक्षींची नावे पाठोपाठ आली. जनता दलाचे शरद यादव यांनी मात्र वेगळीच वाट धरली. जैन यांच्याकडून पैसे घेतले, पण ती पक्षकार्यासाठीची देणगी होती, असे ते उघडपणे म्हणाले. बाकीचे सगळे ‘जैन कोण?’ इथून सुरुवात करत असताना हा प्रामाणिकपणा इतका अनपेक्षित होता की त्यावर कसे रागवावे, तेच लोकांना कळेना.

फेब्रुवारीत दुसरी खेप आली. कमलनाथ आणि बूटासिंग मंत्रिमंडळातून गेले. दिल्लीचे मुख्यमंत्री मदनलाल खुराणा यांनी पद सोडले आणि त्यांच्या जागी साहिबसिंह वर्मा आले. यादीत काँग्रेसवाले जास्त होते, पण एकही मोठा पक्ष पूर्ण कोरा राहिला नव्हता. डाव्यांना एवढे समाधान होते की आपले नाव कुणी लिहिले नाही.

मग लोक एक प्रश्न विचारू लागले. आरोपपत्रांत ज्यांची नावे होती त्यांतले बरेच जण रावांचे पक्षातले प्रतिस्पर्धी किंवा पक्षाबाहेरचे विरोधक कसे? निवडणूक तोंडावर आली असताना पंतप्रधान एका दगडात सगळे पक्षी मारत आहेत, असा आरोप काँग्रेसच्या आत आणि बाहेर सुरू झाला. सीबीआय पंतप्रधानांच्या अखत्यारीत येत असल्यामुळे त्याला जोरही होता. असे काही ठरवून झाले याचा पुरावा कुणी पुढे आणला नाही, आणि सुनावणीच्या तारखा न्यायालय ठरवत होते, हेही विसरता येत नाही. पण शंका न्यायालयालाही शिवली असावी. मार्च १९९६ मध्ये पीठाने सीबीआयला बजावले की या तपासाची माहिती न्यायालयाला द्यायची, सरकारातल्या कुणालाही नाही. त्यात पंतप्रधानही आले. देशाच्या तपास यंत्रणेने पंतप्रधानांना विचारायचे नाही असे न्यायालयाने सांगणे, हे त्याआधी ऐकिवात नव्हते.

एप्रिल-मेच्या निवडणुकीत काँग्रेस १४० जागांवर आली. पक्षाचा तोवरचा हा नीचांक होता. भाजप १६१ जागांसह सर्वांत मोठा पक्ष झाला आणि वाजपेयींचे सरकार तेरा दिवस टिकले. पराभवाची कारणे अनेक होती. अयोध्या होते, दक्षिणेतली फूट होती, पाच वर्षांच्या सरकारवरची नाराजी होती. डायरी त्यांतले एक. पण उमेदवारी वाटपावर तिने घातलेला घाव स्पष्ट दिसतो. माधवराव शिंदे काँग्रेसबाहेर पडले, मध्य प्रदेश विकास काँग्रेस नावाचा पक्ष काढला आणि ग्वाल्हेरहून दिमाखात निवडून आले. डायरीत नाव असणे आणि मतदाराने नाकारणे यांचा संबंध दिल्लीत वाटत होता तितका ग्वाल्हेरात नव्हता.

कमलनाथांच्या छिंदवाड्याची गोष्ट तर सांगावीच लागेल. तिकीट नाकारले गेल्यावर कमलनाथांनी पत्नी अलका नाथ यांना उभे केले आणि त्या जिंकल्या. काही महिन्यांत त्यांनी राजीनामा दिला आणि फेब्रुवारी १९९७च्या पोटनिवडणुकीत खुद्द कमलनाथ उभे राहिले. भाजपने माजी मुख्यमंत्री सुंदरलाल पटवा यांना उतरवले. पिढ्यानपिढ्या काँग्रेसला मत देणाऱ्या त्या मतदारसंघाने कमलनाथांना पाडले. जागा बायकोने जिंकायची आणि नवऱ्याने परत मागून घ्यायची, हे लोकांच्या पचनी पडले नाही. डायरीचा आरोप त्यांनी माफ केला होता. जागेची ही देवाणघेवाण मात्र नाही.

आता न्यायालयाच्या दुसऱ्या बाजूकडे वळू. सर्वोच्च न्यायालयातली याचिका तपास होतो की नाही एवढेच पाहत होती. दोष कुणाचा, हे नेहमीच्या मार्गाने, खालच्या न्यायालयातून ठरायचे होते. तिथे विशेष न्यायाधीशांनी अडवाणी आणि शुक्ल यांच्यावर आरोप निश्चित केले. दोघे जैन बंधूंसह दिल्ली उच्च न्यायालयात गेले. ८ एप्रिल १९९७ला न्यायमूर्ती मोहम्मद शमीम यांनी ते आरोप रद्द केले, आणि गाडी १८७२च्या पुरावा कायद्याच्या ३४व्या कलमावर येऊन थांबली.

हे कलम दोनच गोष्टी सांगते. धंद्याच्या ओघात नियमितपणे ठेवलेल्या हिशेबाच्या पुस्तकांतल्या नोंदी पुरावा म्हणून पाहता येतात. पण एवढ्याच नोंदींवरून कुणावरही जबाबदारी टाकता येत नाही. किराणा दुकानदाराने आपल्या खतावणीत शेजारच्याच्या नावावर पन्नास हजार मांडून ठेवले, तर शेजाऱ्याने तेवढ्यावरून पैसे भरायचे का? माल नेल्याची पावती, नेताना पाहणारा माणूस, कुठेतरी त्या मालाचा माग, असे काहीतरी बाहेरचे हवेच. लिहिणारा स्वतःच्या वहीत काय वाटेल ते लिहू शकतो. ब्रिटिश अमदानीत आलेल्या या कलमाने सावकाराच्या वहीपासून कितीतरी कुळांना वाचवले असेल.

सीबीआयने सर्वोच्च न्यायालयात अपील केले. २ मार्च १९९८ला निकाल आला. तो न्यायमूर्ती एम. के. मुखर्जी यांनी लिहिला. तो वाचण्यासारखा आहे, कारण त्याबद्दल दोन्ही बाजूंनी बऱ्याच चुकीच्या गोष्टी सांगितल्या जातात. न्यायालयाने वह्या खोट्या ठरवल्या, असे आरोपींचे चाहते म्हणतात. तसे नाही. फायलींतले सुटे कागद ‘पुस्तक’ होत नाहीत, हे खरे. पण बांधलेल्या वह्या पुस्तके आहेत, आणि त्यांतली मुख्य वही हे नियमित ठेवलेले हिशेबाचेच पुस्तक आहे, असे न्यायालयाने मान्य केले. या मुद्द्यावर उच्च न्यायालयाचे मत त्यांना पटले नाही. अडचण कलमाच्या दुसऱ्या अर्ध्यात होती. नोंदीला दुजोरा देणारा स्वतंत्र पुरावा कुठे आहे? अडवाणींबद्दल एकाही साक्षीदाराच्या जबानीत चकार शब्द नव्हता. शुक्ल यांच्याबद्दल एवढेच आले होते की त्यांची जैन यांच्याशी ओळख होती आणि ते त्यांच्या घरी जात. मैत्री म्हणजे लाच नव्हे. कटाचा आरोप धरायचा तर आधी कट झाल्याचे काहीतरी दिसायला हवे, तेही दिसत नव्हते. दोघे सुटले. हाच न्याय लावून बाकीचे आरोपीही एकेक करून सुटत गेले. एकाही राजकारण्याला शिक्षा झाली नाही.

तेव्हा हा निकाल अनेकांना पळवाट वाटला. मला तो वाटत नाही. कलम ३४ ढिले केले असते तर कुणाच्याही वहीतल्या एका ओळीवरून कुणालाही तुरुंगात टाकण्याची सोय झाली असती, आणि ती सोय पहिल्यांदा कुणावर वापरली गेली असती याचा अंदाज करायला फार डोके लागत नाही. चूक न्यायालयाच्या पायरीवर झालेली नाही. ती १९९१ ते १९९५ या काळात झाली, जेव्हा दुजोरा शोधायचा होता. आणखी एक चूक मला तितकीच मोठी वाटते. त्या वह्यांना दोन बाजू होत्या, आलेले पैसे आणि गेलेले पैसे. गेलेल्या बाजूला पुढाऱ्यांची नावे होती, म्हणून सगळा देश तीच पाने वाचत बसला. आलेली बाजू कोरडी होती. त्यात कुणाचा चेहरा नव्हता. पण कोणत्या प्रकल्पासाठी, कुठल्या कंपनीकडून, कोणत्या निविदेच्या तारखेच्या आगेमागे पैसा आला, हे त्या बाजूने शोधले असते तर कंत्राटाची फाइल, निविदा समितीचे टिपण, परदेशी बँकेचे खाते असा दुजोरा कागदावरच मिळण्याची शक्यता होती. नावांच्या झगमगाटात ती पाने अंधारात राहिली. वर्तमानपत्रांनाही त्यात रस नव्हता. आद्याक्षरे ओळखण्याचा खेळ जास्त खपत होता.

या निकालाच्या आधी अडीच महिने, १८ डिसेंबर १९९७ला, मूळ याचिकेवरचा अंतिम निकाल न्यायमूर्ती वर्मा यांनी दिला. तोवर ते सरन्यायाधीश झाले होते. त्या वर्षी जुलैमध्ये त्यांनी भर न्यायालयात सांगितले होते की या प्रकरणात आमच्याशी संपर्क साधण्याचा प्रयत्न एका व्यक्तीने केला. नाव त्यांनी कधी उघड केले नाही, आणि त्याबद्दल खुद्द याचिकाकर्ते विनीत नारायण यांनीच पुढे त्यांच्यावर कडाडून टीका केली. निकालाच्या तयारीत सरकारने नेमलेल्या एका समितीचा आधार न्यायालयाने घेतला. माजी मंत्रिमंडळ सचिव भा. गो. देशमुख, एन. एन. व्होरा आणि केंद्रीय दक्षता आयुक्त एस. व्ही. गिरी हे तिचे तीन सदस्य. राजीव गांधींपासून चंद्रशेखरांपर्यंत तीन पंतप्रधानांच्या कार्यालयात प्रधान सचिव राहिलेल्या देशमुख या मराठी अधिकाऱ्याला, सीबीआयची सूत्रे कुठून हलतात हे सांगायला दुसऱ्या कुणाची गरज नव्हती.

या निकालाने सीबीआयच्या संचालकाला किमान दोन वर्षांची मुदत दिली. केंद्रीय दक्षता आयोगाला कायद्याचा दर्जा द्यायला सांगितले. आणि ‘सिंगल डायरेक्टिव्ह’ नावाने ओळखले जाणारे सरकारी फर्मान रद्द केले, ज्यामुळे सहसचिव आणि त्यावरच्या अधिकाऱ्यांची चौकशी सुरू करायलाही सीबीआयला सरकारची आधी परवानगी लागत असे.

या शेवटच्या गोष्टीचे पुढे काय झाले, ते मोठे गमतीचे आहे. दक्षता आयोगाचा कायदा २००३ मध्ये झाला, आणि त्याच कायद्याच्या आडून पूर्वपरवानगीची अट सीबीआयच्या मूळ कायद्यात कलम होऊन परत आली. २०१४ साली घटनापीठाने ते कलम रद्द केले. २०१८ साली भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या दुरुस्तीतून अट पुन्हा आत आली, या वेळी सगळ्याच लोकसेवकांच्या कार्यालयीन निर्णयांसाठी. मधल्या काळात दिल्लीत वेगवेगळ्या पक्षांची सरकारे होती. या एका बाबतीत त्यांचे एकमत दिसते.

दोन वर्षांच्या मुदतीची परीक्षा ऑक्टोबर २०१८ मध्ये झाली. सीबीआयचे संचालक आलोक वर्मा यांना मध्यरात्री सक्तीच्या रजेवर पाठवण्यात आले. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९९७च्या निकालाचा आधार घेऊन त्यांना पदावर परत बसवले. दोनच दिवसांत निवड समितीने त्यांना पुन्हा हटवले.

ज्यांची नावे वहीत होती त्यांच्यातल्या बहुतेकांचे काही बिघडले नाही. मार्च १९९८ मध्ये वाजपेयींचे सरकार आले तेव्हा अडवाणी गृहमंत्री झाले, यशवंत सिन्हा अर्थमंत्री, मदनलाल खुराणा संसदीय कार्यमंत्री. माधवराव शिंदे काँग्रेसमध्ये परतले आणि लोकसभेत पक्षाचे उपनेते झाले. कमलनाथ पुढे दोन दशकांनी मध्य प्रदेशचे मुख्यमंत्री झाले. न्यायालयाने सोडलेल्या माणसाला पद मिळण्यात गैर काही नाही. अडवाणींनी आरोपपत्रावर सभागृह सोडले आणि उच्च न्यायालयाच्या निकालानंतरच निवडणुकीला उभे राहिले, हे तर त्यांच्या विरोधकांनीही कबूल करावे असे आहे. पुढच्या काळात त्यांचा हा पायंडा गिरवणारे, त्यांच्या पक्षातले आणि इतरांतले, फारसे दिसले नाहीत.

तरीही नाव चिकटून राहते. जून २०२१ मध्ये पश्चिम बंगालच्या मुख्यमंत्री ममता बॅनर्जी यांनी तेव्हाचे राज्यपाल जगदीप धनखड यांच्यावर, त्यांचे नाव जैन हवाला प्रकरणात होते, असा आरोप केला. धनखड यांनी तो साफ फेटाळला. त्यांच्यावर त्या प्रकरणात कधीही आरोपपत्र नव्हते. छाप्याला तेव्हा तीस वर्षे झाली होती.

आणि वही पुन्हा न्यायालयात आली ती २०१७ साली. सीबीआय आणि प्राप्तिकर खात्याच्या छाप्यांत सहारा आणि आदित्य बिर्ला या उद्योगसमूहांच्या कार्यालयांतून काही कागद आणि संगणकातल्या नोंदी मिळाल्या होत्या. त्यांत अनेक राजकारण्यांची नावे आणि पुढे रकमा असल्याचे सांगितले जात होते. न्यायालयाच्या देखरेखीखाली विशेष तपास पथक नेमा, अशी मागणी ‘कॉमन कॉज’ या संस्थेने केली. युक्तिवादाला उभे होते प्रशांत भूषण, १९९३च्या चार याचिकाकर्त्यांपैकी एक. ११ जानेवारी २०१७ला सर्वोच्च न्यायालयाने मागणी फेटाळली. सुट्या कागदांवरून आणि दुजोरा नसलेल्या नोंदींवरून तपासाचा आदेश देता येत नाही, असे सांगताना पीठाने शुक्ल प्रकरणातल्या १९९८च्या निकालाचा हवाला दिला. भूषण यांचे म्हणणे होते की दुजोरा आहे की नाही हे खटल्याच्या वेळी पाहायचे असते, आणि तो शोधण्यासाठीच तर तपास हवा. १९९८ साली तपास होऊन गेल्यावर लावलेली कसोटी आता तपासाच्या दारातच लावली गेली.

१ जुलै २०२४ पासून १८७२चा पुरावा कायदा गेला आणि भारतीय साक्ष्य अधिनियम आला. जुन्या ३४व्या कलमातला हिशेबाच्या पुस्तकांचा नियम त्यात २८व्या कलमात तसाच ठेवला आहे.